कार्मेन मातेची गाडी आणि कोनफळांचं पोतं

पुएर्तो गार्सा
मंगळवार, १६ जून १९८७

प्रिय रेमिहियो,

तुझी बस बारांक्वियाला धड पोचली असेल असं धरून चालतो. नसेल पोचली तर हे पत्र वाचणार कोण, हे आत्ता सुचलं आणि एक नवीन काळजी लागली. पोचला असलास तर कळव.

गाडी सुरू होत नाही.

रविवारी तू सगळं वायरिंग नवं घातलंस तेव्हा ती एका किकमध्ये सुरू झाली होती. तुझ्या ताईला साइडकारमध्ये बसवून तू चर्चपर्यंत फेरीही मारून आणलीस. सगळ्या गल्लीनं पाहिलंय. सोमवारी तुझी बस पूल ओलांडून गेली. मी डोमिनो खेळायला धक्क्यावर निघालो, किक मारली, तर काही नाही. त्रेसष्ट वेळा मारली. मोजल्यात मी. दिवा लागतो. हॉर्न तर असा वाजतो की शेजारणीची कोंबडी अंडं अर्धवट टाकून पळाली. इंजिन मात्र खोकतसुद्धा नाही.

वायर जळल्या त्या माझ्यामुळे, हे मला मान्य आहे. मिरवणुकीतल्या मातेच्या छत्रीला चाळीस रंगीत बल्ब लावायचं माझ्याच डोक्यात आलं होतं. पण तू दुरुस्त करण्यापूर्वी गाडीतून निदान धूर तरी निघत होता.

रागावू नकोस. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, करंटातलं मला काय कळतं? पण बरोबर एक महिना उरलाय. सोळा जुलैला आम्हा ड्रायव्हरांच्या कार्मेन मातेचा सण. सगळे ट्रक, बस, मोटारसायकली फुगे बांधून, हॉर्न वाजवत निघणार आणि सगळ्यांच्या पुढे मातेची मूर्ती माझ्या साइडकारमध्ये बसून जाणार. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. बर्फवाला लिबोरियो आजच फादरना जाऊन म्हणाला, "आजोबांची गाडी गेली असेल तर माझा ट्रक आहे. लाल आहे. नवा आहे. मातेला बर्फाचा गारवाही मिळेल." फादर म्हणाले, बघू. रेमिहियो, फादर 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांचं बघून झालेलं असतं.

मातेला पुढून नेणारा माणूस म्हणून मला हे गाव ओळखतं. ते गेलं तर मी नुसता एक म्हातारा उरतो, आणि तसे इथे पुष्कळ आहेत.

तुझी ताई पायरीवर बसून युकाचे कंद सोलते आणि गाणं गुणगुणते. अशा वेळी गाणं सुचतं कसं?

लगेच लिही. बस ड्रायव्हर ओविदियोच्या हातीच दे, टपालाने नको.

तुझा मेव्हणा,
तिबुर्सियो

—

बारांक्विया
शनिवार, २० जून

दाजी,

मी धड पोचलो. ती काळजी सोडा.

मला लगेच येता येणार नाही. सणाआधी इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला आपली गाडी ठणठणीत हवी असते. गॅरेजच्या दारात अकरा ट्रक उभे आहेत आणि बारावा माझ्या जेवणाच्या खोलीत तोंड घालून उभा आहे.

तोवर तुम्ही प्लग काढून पुसा. बॅटरीच्या तारा घट्ट करा. पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना ते बघा. हे सगळं सांगायचं म्हणून सांगतोय. वायरिंगमध्ये दोष नाही, त्याबद्दल मी निर्धास्त आहे. इतका निर्धास्त की मलाच लाज वाटते.

एक मात्र मनापासून सांगतो. गाडी सुरू करताना ताईला सोबत घ्या. तिचा पायगुण चांगला आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. म्हणजे कामं फार आहेत.

त्रेसष्ट किका मारू नका. गुडघा नवा मिळत नाही.

तुमचा,
रेमिहियो

—

पुएर्तो गार्सा
मंगळवार, २३ जून

रेमी,

हे पत्र चीजच्या पुडक्यात घातलंय. यांना कळू देऊ नकोस. आणि चीज आधी धुऊन घे, खारं झालंय.

'सोबत घ्या' असं लिहायची काही गरज होती का? तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही, लहानपणापासून. तरी बरं, यांनी त्याचा अर्थ काय काढला ऐक. मला गाडीच्या मागे मेणबत्ती घेऊन उभं केलं, तासभर! हे किका मारतायत आणि मी मेण गळणारी मेणबत्ती धरून उभी. शेजारीण विचारते, "ओदिलिया, कोण गेलं?"

तू साइडकारच्या गादीखाली बसवलेलं ते बटण अगदी झकास आहे. हे डोमिनो खेळायला पायी जातात ना, तेव्हा मी जाऊन बसते, खटकन दबतं. मी उठले की इंजिनाचा करंट बंद. मी बसल्याशिवाय ही गाडी कोणाच्या बापाला सुरू होणार नाही. यांना कधी सुचणार नाही, कारण साइडकारमध्ये बायको बसते हेच हे विसरून गेलेत.

तुला वाटत असेल ताई दुष्ट आहे. तू मोठ्या गावात राहतोस. सत्तावीस वर्षं मी त्या मिरवणुकीत सायलेन्सरच्या मागे चालतेय. ओला रुमाल नाकाला लावून. घरी आले की माझा रुमाल काळा आणि यांचा सदरा पांढरा. दर वर्षी म्हणतात, "पुढच्या वर्षी तुलाही बसवू हं." एरवी डोमिनोला जायचं, एकटे. नदीवर, एकटे. माझ्या वाट्याला साइडकार धुणं.

मला फार काही नको. यांनी आपल्या तोंडानं एकदा म्हणावं, "ओदिलिया, बस." त्याच क्षणी बसेन आणि गाडी सुरू होईल. तोवर तुला आईच्या कबरीची शपथ आहे. घेतलीयेस तू, विसरू नकोस.

तुझी ताई

—

पुएर्तो गार्सा
सोमवार, २९ जून

प्रिय रेमिहियो,

गाडी सुरू झाली! दोनदा. आणि आता पुन्हा बंद आहे. नीट वाच, कारण मी यात काहीतरी शोधून काढलंय.

बुधवारी शेजाऱ्यानं कोनफळांचं पोतं माझ्या साइडकारमध्ये टाकलं. म्हणाला, "उभीच आहे तर राहू दे इथे." मी सवयीनं किक मारली. सुरू! मी आनंदानं धक्क्यापर्यंत गेलो. तिथे त्यानं पोतं उतरवलं आणि ही जागच्या जागी मेली. ढकलत घरी आणली. चढावर.

शनिवारी लिबोरियो आला. मला चिडवायला साइडकारमध्ये पाय पसरून बसला आणि म्हणतो, "चला आजोबा, दवाखान्यात सोडा मला, हसून हसून पोट दुखतंय." मी रागानं किक मारली. सुरू! त्याचं तोंड बघायला हवं होतंस. तो उठून उतरला, ही पुन्हा मेली. माझंही तोंड तू बघितलं नाहीस ते बरं झालं.

आता विचार कर. कोनफळं आणि लिबोरियो, या दोघांत सारखं काय? मी रात्रभर विचार केला, ताप भरल्यासारखं झालं. मग कळलं. कोनफळं पाल्मितास गावची. आणि लिबोरियोचा जन्मही पाल्मितासचाच! म्हणजे गाडीला पाल्मितासची माती लागते. तू वापरलेली तांब्याची तार तिकडची आहे का? असेल तर तेव्हाच सांगायचं होतंस.

मी लगेच ओविदियोकडून पाल्मितासची डबाभर माती मागवली आणि साइडकारमध्ये ठेवली. सुरू झाली नाही. डबा लहान पडला असणार.

हे सगळं मी तुझ्या ताईला समजावून सांगितलं. ती युकाचं पातेलं खाली ठेवून आत गेली आणि बराच वेळ उशीत तोंड घालून होती. खांदे हलत होते. बिचारीला माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे, दाखवत नाही इतकंच.

माझा गुडघा आता टोमॅटोसारखा दिसतो.

तुझा,
तिबुर्सियो

ता. क. तू सांगितलंस तसं ताईला सोबत घेतलं होतं. मेणबत्तीसकट. उपयोग झाला नाही.

—

बारांक्विया
शुक्रवार, ३ जुलै

दाजी,

तार पाल्मितासची नाही. तारेला गाव नसतं.

तुमचं पत्र मी गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचलं ही माझी चूक. दोन पोरं कामावरून उठून बाहेर गेली ती अजून परतलेली नाहीत.

दाजी, मी शपथेत अडकलोय. कुठल्या ते विचारू नका. पण तुम्हीच बघा. कोनफळं साइडकारमध्ये होती. लिबोरियो साइडकारमध्ये होता. ताई मात्र कुठे उभी होती? मागे. मागे, दाजी! ती जागा कशासाठी केली होती तेवढं आठवा. या गाडीला एकटं जायला आवडत नाही. बस, झालं. यापुढे एक अक्षर लिहिलं तर आई कबरीतून उठून येईल.

तुमचा,
रेमिहियो

—

पुएर्तो गार्सा
बुधवार, ८ जुलै

प्रिय रेमिहियो,

'ती जागा कशासाठी केली होती' हे तू लिहिलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मातेसाठी! गाडी मातेवाचून रुसली आहे. मी धावत फादरकडे गेलो, मातेची मूर्ती सोमवारी घरी आणली, साइडकारमध्ये बसवली. हात जोडले. किक मारली.

काही नाही.

रेमिहियो, अर्थ सरळ आहे. माता बसलीय आणि गाडी हलत नाही, म्हणजे माता माझ्यावर रागावलीय. मूर्ती पोकळ लाकडाची, कोंबडीएवढी हलकी, पण तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी पापं मोजायला लागलो. मी सगळी पापं कबूल केली. आधी फादरकडे, मग घरी तुझ्या ताईकडे. रंगीत बल्ब मातेसाठी नव्हते, लिबोरियोला दिपवायला होते हे सांगितलं. डोमिनोत दुहेरी सहाची सोंगटी मी बाहीत लपवतो हे सांगितलं. एकोणीसशे एकसष्ट साली तिची करडी कोंबडी कोल्ह्यानं नेली नव्हती, माझ्या चाकाखाली आली होती, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "अजून काही आठवतंय?"

मी म्हटलं, "नाही."

"नीट आठवा. काही म्हणाला होतात आणि केलं नाहीत, असं?"

मी म्हटलं, "छताची कौलं? ती दिवाळखोर माणसासारखी दर वर्षी पुढे ढकलतो, हो."

ती म्हणाली, "कौलं!" आणि युकावर असा सुरा मारला की तुकडा माझ्या टोपीला लागला. कौलांचं तिला एवढं वाईट वाटत होतं हे मला माहीत नव्हतं.

पण घाबरू नकोस. मार्ग सापडलाय. शेजाऱ्याकडून कोनफळांचं पोतं मी मागून आणलं. हंगामातलं शेवटचं, सगळ्या गावात दुसरं नाही. काल ते साइडकारमध्ये ठेवलं, त्यावर निळं साटीन, त्यावर माता. एका किकमध्ये सुरू! फादरनीही मान्य केलं. म्हणाले, शेतीचं दान आहे, मातेला चालेल. दगड मात्र चालणार नाहीत, असं ते कुणी न विचारता म्हणाले.

पोतं स्वयंपाकघरात जपून ठेवलंय. आता काळजी फक्त उंदरांची.

तुझा आनंदी,
तिबुर्सियो

—

पुएर्तो गार्सा
रविवार, १२ जुलै

रेमी,

पोतं शिजवलं.

मातेची नऊ दिवसांची नवेना चालू आहे. रोज संध्याकाळी प्रार्थनेला चाळीस माणसं अंगणात. काल मी सगळ्यांना चीज घालून कोनफळांची आमटी केली. मोठ्या पातेल्यांत, तीन चुलींवर. लिबोरियोनं पाच वाट्या खाल्ल्या. फादरनी सहा. हे दोन वाट्या खाऊन म्हणाले, "ओदिलिया, काय चव आहे! कोनफळं कुठून आणलीस?" आणि मग चमचा तसाच हवेत राहिला.

हे ओरडले नाहीत. आत जाऊन रिकामं पोतं उलटं करून बघितलं, झटकलं, घडी केली आणि त्यावरच बसून राहिले. रेमी, तेव्हा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. शपथेतून तुला मोकळं करावं आणि सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात यांनी वर बघून विचारलं, "सोळाला तुझा तो रुमाल ओला करून ठेवशील ना? यंदा ट्रकच्या मागे चालायचंय, धूर जास्त असेल."

माझ्या रुमालाची काळजी! बसायला सांगायचं नाही, पण रुमाल ओला करायचा.

नाही सांगितलं मी.

ताई

—

पुएर्तो गार्सा
शुक्रवार, १७ जुलै

प्रिय रेमिहियो,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

काल सकाळी सात वाजता चर्चसमोर सगळं गाव. पन्नासेक गाड्या, सगळ्यांना निळे-पांढरे फुगे, हॉर्नचा नुसता कल्लोळ. लिबोरियोचा ट्रक धुऊन पुसून पुढे उभा, इंजिन चालू. मी माझी गाडी घरून ढकलत आणली होती. का आणली, माहीत नाही. घरी ठेववेना.

फादर म्हणाले, "तिबुर्सियो, शेवटचा प्रयत्न कर."

मी अकरा किका मारल्या. पन्नास ड्रायव्हर हॉर्न थांबवून बघत होते. त्या शांततेत माझा गुडघा कटकन वाजला, तो सगळ्यांना ऐकू गेला. लिबोरियोसुद्धा हसला नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, "फादर, माता ट्रकमध्ये ठेवा." आणि टोपी काढली.

मग मी मागे वळून पाहिलं. सायलेन्सरच्या मागे तुझी ताई उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी, ओला रुमाल हातात घेऊन. सत्तावीस वर्षं ती तिथेच चालतेय, पण पुढे बघून गाडी चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. गाडी बंद पडली म्हणून मी वळलो. तिचे पाय सुजले होते, नवेनाचा स्वयंपाक केला ना नऊ दिवस. आणि मला एकदम आठवलं. ही साइडकार मी लोहाराकडून करून घेतली ती लग्नाच्या वर्षी. मागच्या सीटवर झगा चाकात अडकेल म्हणून ती भीत होती, म्हणून. मातेला ती जागा आम्ही एका दिवसापुरती दिली होती. फक्त एका सणापुरती, एकोणीसशे साठ साली.

मी म्हटलं, "ओदिलिया, बस."

ती म्हणाली, "काय म्हणालात?"

"बस म्हटलं. गाडी चालत नाही तर नाही. मी ढकलतो. तू चालायचं नाहीस आता. तुझीच जागा आहे ती."

तिनं रुमाल कमरेला खोचला. आली आणि बसली. फादरच्या हातून माता ओढून घेतली आणि मांडीवर बसवली. फादर म्हणाले, "अगं पण—" ती म्हणाली, "मातेलाही धरायला कोणीतरी लागतं, फादर. सत्तावीस वर्षं दोरीनं बांधून नेताय तिला." फादरनी हातातली दोरी खाली टाकली.

मी ढकलायला हँडल धरलं. पाय आपोआप किकवर गेला. जुनी सवय.

रेमिहियो, सुरू झाली! पहिल्या किकला. अशी गरजली की फुगे फुटले. पन्नास हॉर्न एकदम वाजले, बायका रडल्या, फादरनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि लिबोरियो ट्रकमधून उतरून गुडघ्यावर बसला. चमत्कार! सगळं गाव साक्षीला आहे.

बेकरीपुढच्या खड्ड्यात ताई जरा उडाली तेव्हा इंजिन एक उचकी देऊन थांबल्यासारखं झालं, ती खाली आपटली आणि पुन्हा चालू. दर खड्ड्यात तसंच. लोक म्हणाले, माता मान डोलावतेय. धक्क्यापर्यंत गेलो. ताई वाटेत सगळ्यांना हात करत होती, राणीसारखी. तिचा रुमाल पांढराच राहिला. घरी आल्यावर तिनं तो मला दोनदा दाखवला.

तुझं वायरिंग चुकलं होतं, पण मातेनं सांभाळून घेतलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
तिबुर्सियो

—

बारांक्विया
मंगळवार, २१ जुलै

दाजी,

अभिनंदन. मी रविवारी येतो. साइडकारच्या गादीजवळ एक बारीकसं काम राहिलंय, ते काढून टाकतो. मग गाडी पूर्वीसारखी कुणालाही, कधीही सुरू करता येईल. ताईला आधी विचारतो.

रेमिहियो

—

पुएर्तो गार्सा
शुक्रवार, २४ जुलै

प्रिय रेमिहियो,

येऊ नकोस. म्हणजे ये, जेवायला ये, पण पाना-पक्कड आणू नकोस.

मंगळवारी मी मेणबत्तीचं मेण काढायला साइडकारची गादी उचलली. खाली एक बटण आहे. मी तिसरीपर्यंतच शिकलो असलो तरी बटण म्हणजे काय ते मला कळतं. त्यावर दोन विटा ठेवून किक मारली. सुरू झाली. बंद केली. मग विटा उचलून जिथल्या तिथे ठेवून आलो आणि गादी नीट लावली.

काल डोमिनोला जाताना ओदिलियाला म्हटलं, "चल, तू बसल्याशिवाय माता गाडी सुरू करू देत नाही." ती म्हणाली, "माझी कामं पडलीयेत." आणि बोलता बोलता बसलीसुद्धा. धक्क्यावर तिनं आम्हा चौघांना हरवलं. माझी बाही तपासून मग खेळली.

मला सापडलंय हे तिला कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ आहे. आईची आधीच वापरून झालीय.

आता मला झोप येत नाही ती वेगळ्याच कारणानं. इथे पावसाळ्यात गाडी अंगणात भिजते. ते बटण गंजेल का? गंजलं आणि गाडी एकट्यालाच सुरू व्हायला लागली तर? ओविदियोच्या हाती एक जास्तीचं पाठवून दे. चीजच्या पुडक्यात घालू नकोस, ते तीच उघडते.

तुझा मेव्हणा,
तिबुर्सियो